समोर उघडं असलेलं पान

घरात इतकं सामसूम होतं की फ्रिज गचका देऊन सुरू झाला तेव्हा मी दचकलेच.

सकाळी नऊपासून लाइट नव्हती. चार वर्षांची जुई तापानं फणफणली होती. तिच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी ठेवून मी जुन्या वर्तमानपत्रानं वारा घालत बसले होते. फ्रिजच्या मागोमाग डोक्यावरचा पंखाही कुरकुरत फिरायला लागला.

"आई, लाइट आली," डोळे न उघडताच जुई म्हणाली. गालांवर तापाची लाली होती, तरी ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"आली गं बाई," मी म्हटलं, आणि घड्याळाकडे बघितलं. अकराला दहा कमी.

लाइट यायला नको होती.

मी तेव्हा तालुक्याच्या वीज कार्यालयात कंत्राटावर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. गुरुवार हा देखभालीचा वार. फीडर नंबर तीन, म्हणजे आमची गल्ली आणि पुढचा सगळा माळ, नऊ ते एक बंद. तो तक्ता मीच टाइप केला होता. माळावरच्या खांबांवरचे तडकलेले चिमणे, म्हणजे तारा पेलणारे चिनी मातीचे इन्सुलेटर, बदलायचं काम दोन गुरुवार चाललं होतं आणि दोन्ही गुरुवारी त्या कामावर वायरमन खिलारेमामाच होते. सकाळी साडेआठला दारावरून जाताना मोटरसायकल थांबवून म्हणाले होते, "काय वृषालीताई, आज हापिसला दांडी?"

"जुईला ताप आहे, मामा."

"मग बस पोरीजवळ. एकच्या आत लाइट देतो बघ. पोरगीला पंखा लागंल."

दिलेल्या शब्दाला मामा पक्के होते. पण दहा खांबांचं काम दोन तासांत उरकेल, असा हात कुणाचाच नव्हता.

लाइन बंद करून वायरमन खांबावर चढतो तेव्हा सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घेतो. काम झालं, माणसं खाली उतरली की ते परत करतो. परत केल्याशिवाय ऑपरेटर हँडलला हात लावत नाही. एवढ्या एका गोष्टीच्या भरवशावर वायरमनच्या बायका दुपारची भाकरी थापतात.

आमच्या सबस्टेशनला तांबोळीभाई होते. परमिट परत घ्यायची त्यांची आणि मामांची एक रीत होती. ऑफिसात स्पीकरवर फोन असला की आम्ही सगळे कान देऊन ऐकायचो.

"कोण?"

"खिलारे."

"कुठं हाईस?"

"जमिनीवर."

"किती जण?"

"दोघं. दोघंबी जमिनीवर."

"साखळी?"

"डिकीत."

साखळी म्हणजे काम चालू असताना तारांवर टाकून जमिनीत सोडायची ती. चुकून लाइन चालू झालीच तर वीज माणसात न जाता मातीत जावी म्हणून. एवढं सगळं विचारून झालं तरी तांबोळीभाईंचं समाधान व्हायचं नाही. "आता सांग, काल काय कालवण होतं?"

"तुझ्या नानाची टांग! चालू कर की लाइन."

"कालवण सांग."

"वांगं!"

"हां, खिलाऱ्याच हाय. चालू करतो."

आम्ही हसायचो. पण त्यात वेळ जायचा. माळावर धड बोलता येईल एवढी रेंज नसायची, मामा बोलायला टेकडीवर चढायचे, तोवर गिरणीवाल्यांचे फोन शेटेसाहेबांना. साहेब आमचे उपअभियंता. वरून बोलणी खायचे आणि ती खाली वाढायचे. एकदा मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही कॉम्प्युटरचं शिकलाय म्हणता. काढा की काहीतरी यातनं मार्ग."

मी काढला. आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेसेज पाठवायचा एक प्रोग्रॅम होता. त्याच्यात मी एक स्क्रिप्ट लिहिली. दर पाच मिनिटांनी ती एक्सेलला हाक मारायची, देखभालीचा तक्ता वाचायची. 'परमिट परत' या रकान्यात 'होय' दिसलं की ती ओळ हिरवी करायची आणि तांबोळीभाईंच्या मोबाइलवर मेसेज धाडायची. एका ओळीचा मेसेज दिवसातून एकदाच. वायरमननं ऑफिसला एक मिस्ड कॉल द्यायचा, मी 'होय' टाइप करायचं, बाकी सगळं आपोआप. अख्खी स्क्रिप्ट मी घरी लिहिली, जुई मांडीवर झोपलेली असताना, एका हातानं. दुसरा हात तिच्या पाठीवर. हात काढला की ती जागी व्हायची.

पहिल्या दिवशी दाखवलं तेव्हा सगळं ऑफिस गोळा झालं होतं. माउसला कुणाचा हात नाही आणि पडद्यावरच्या ओळी एकामागून एक हिरव्या होत चाललेल्या. हेडक्लार्क चौगुलेबाई दोन पावलं मागं सरकल्या.

"अगं बाई, ही भानामती आणलीस कुठनं?"

"लिंबू-मिरची बांधा मॅडम कॉम्प्युटरला," मामा म्हणाले, आणि सगळे हसले. मग ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "म्हणजे आता तांबोळ्या माझा आवाज ऐकणार नाय?"

"गरजच नाही ना, मामा. वेळ वाचेल."

"ते खरं," ते म्हणाले. "कालवण सांगायचं वाचलं."

साहेबांनी त्याच दिवशी सगळ्यांना तोंडी सांगून टाकलं, आता फोनाफोनी बंद, मेसेज आला की लाइन चालू. तीन महिने एकदाही चूक झाली नाही. गिरणीवाले साहेबांना पेढे देऊन गेले.

त्या गुरुवारी माझ्या जागेवर साहेब स्वतः बसणार होते. मी फोनवर बजावलं होतं, "साहेब, तक्ता उघडा ठेवा फक्त. मामांचा मिस्ड कॉल आला की 'होय' टाका. बाकी कशाला हात लावू नका."

"अहो, पोर सांभाळा तुम्ही. एवढं येतं मला."

पंख्याचा वारा लागून जुईचे केस कपाळावरून उडत होते. मी सबस्टेशनला फोन लावला.

"बोला मॅडम," तांबोळीभाईंचा आवाज नेहमीसारखाच होता. "पोरीचा ताप कसा हाय?"

"भाई, तीन नंबर चालू केलात?"

"व्हय. आत्ताच."

"मामांचं काम झालं?"

"झालं म्हणूनच की. तुमचाच मेसेज आला न्हवं का? 'फीडर तीन. खिलारे. परमिट परत. लाइन चालू करावी.' हा काय, समोर हाय."

"मामांशी बोललात तुम्ही?"

"साहेबच म्हणले न्हवं का, फोनाफोनी बंद म्हणून."

"भाई, बंद करा. आधी लाइन बंद करा."

माझं वाक्य पुरं झालं नसेल, फ्रिज थाडकन थांबला. पंख्याचा वेग मरत गेला. मला वाटलं, किती चपळ आहेत भाई. तेवढ्यात फोनमधून सबस्टेशनचा भोंगा ऐकू आला. लांबलचक, न थांबणारा.

"भाई?"

"मॅडम." त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "मी न्हाय केली बंद. मी हँडलपर्यंत पोचलोबी न्हवतो. आपोआप पडली."

त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता. लाइन आपोआप पडते तेव्हा तिनं काहीतरी धरलेलं असतं. किंवा कुणाला तरी.

"मी जातो माळावर," ते म्हणाले आणि फोन खाली न ठेवताच धावले. भोंगा वाजत राहिला. मी तो किती वेळ ऐकत होते कुणास ठाऊक. जुईनं माझा पदर ओढला तेव्हा भानावर आले.

"गेली?" तिनं विचारलं.

"हो. झोप तू."

मी साहेबांना फोन लावला. ते चहा पीत होते, बशीचा आवाज आला.

"साहेब, तुम्ही 'होय' टाइप केलंत?"

"छे हो. मिस्ड कॉल आलाय कुठं अजून?"

"तक्ता उघडा आहे ना? आजचा?"

"आहे की. म्हणजे... जरा मागच्या गुरुवारचं पान काढलं होतं. वरून आकडे मागितले, किती चिमणे बदलले म्हणून. नुसतं बघत होतो, काही लिहिलं नाही मी. का हो?"

मागच्या गुरुवारचं पान. फीडर तीन, खिलारे, परमिट परत: होय. मेसेज आखूड व्हावा म्हणून त्यातून तारीख मीच काढून टाकली होती. आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये आजच्या तारखेचं पान शोध, असं कुठंच म्हटलेलं नव्हतं. तिच्यात होतं, समोर जे पान उघडं असेल ते वाच. घरी वीस वेळा चालवून बघितली तेव्हा समोर कायम बरोबर पान उघडं होतं, कारण ते मीच उघडलेलं असायचं. नंतर नीट करू म्हणून ती ओळ तशीच राहिली. जुई जागी झाली असेल. दूध उतू गेलं असेल. मला आता आठवत नाही.

"मॅडम? काय झालंय का?"

"ते पान बंद करा साहेब," एवढंच मी म्हणाले.

खिलारेमामा एका खांबाचं काम संपवून दुसऱ्याकडे सरकत होते. पहिल्या खांबावरची साखळी काढली होती आणि पुढच्यावर टाकायची होती. मधली पाच मिनिटं. पाचच मिनिटं लाइनवर काही नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच ती जिवंत झाली. साखळी टाकायला त्यांनी उजवा हात वर केला. सोबतच्या माणसानं आणि तांबोळीभाईंनी त्यांना टेम्पोत घालून मिरजेला नेलं. जीव वाचला. हात कोपराच्या वरून काढावा लागला.

सोमवारी चौकशी आली. देशमाने म्हणून जिल्ह्याचे अधिकारी, शांत माणूस, बोलताना पेनाचं टोपण लावत-काढत राहायचे. साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. तांबोळीभाई उभेच होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मेसेज आला, हे खरं," भाईंचा मोबाइल बघून देशमाने म्हणाले. "पण नियम काय आहे, तांबोळी?"

"आवाज ऐकल्याबिगर लाइन चालू करायची न्हाय."

"मग?"

"साहेबांनीच सांगितलं होतं, मेसेज आला की..."

"लेखी?"

भाईंनी शेटेसाहेबांकडे बघितलं. साहेबांनी पेपरवेट फिरवला.

"पंधरा वर्षं आवाज ऐकूनच चालू केली साहेब मी," भाई म्हणाले. "तीन महिनेच न्हाय ऐकला."

देशमाने माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचा प्रोग्रॅम जरा चालवून दाखवा."

मी कॉम्प्युटरपुढं बसले. चाचणी म्हणून आजच्या तारखेचं पान काढून त्यावर 'होय' टाकलं. ओळ हिरवी झाली, देशमानेंच्या हातातला भाईंचा मोबाइल वाजला.

"छान आहे." टोपण लावलं, काढलं. "समजा, चुकून दुसरंच पान उघडं राहिलं. मागच्या आठवड्याचं. तर?"

शेटेसाहेबांच्या मानेवर घाम दिसत होता. देशमाने अंधारात हात घालून नेमकं तेच चाचपत होता.

"बघू या," मी म्हणाले. मी आजचं 'होय' पुसलं आणि अपघाताच्या आधीच्या गुरुवारचं पान समोर आणलं. फीडर तीन, खिलारे, होय. स्क्रिप्ट चालवली. आम्ही सगळे पडद्याकडे बघत राहिलो. पडद्यावर काहीच झालं नाही. मोबाइल वाजला नाही.

"म्हणजे प्रोग्रॅम फक्त आजचंच पान वाचतो."

"हो."

"मग त्या दिवशी मेसेज गेला कसा?"

"माहीत नाही, सर."

देशमानेंनी लिहून घेतलं. तांबोळीभाई पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांना नुसतंच कळत नव्हतं. या बाईनं फोनवर 'बंद करा, बंद करा' म्हणून जीव तोडून ओरडलेलं त्यांनी ऐकलं होतं.

ती ओळ मी गुरुवारी दुपारीच बदलली होती. जुईला शेजारच्या घरी झोपवून रिक्षानं ऑफिसात गेले आणि सगळे मिरजेच्या धावपळीत असताना 'समोरचं पान' काढून 'आजच्या तारखेचं पान' घातलं. तेव्हा मला खरंच वाटलं होतं, हे दुसऱ्या कुणावर यायला नको म्हणून मी करतेय. दोन शब्द खोडले, तीन लिहिले. देशमानेंनी विचारलं तेव्हा फक्त एवढं म्हणायचं होतं, सर, आज असं दिसतंय, त्या दिवशी असं नव्हतं. म्हणाले नाही. मार्चमध्ये माझं कंत्राट संपत होतं, साहेब समोर बसले होते, घरी तापातून उठलेली पोर होती. यातलं कुठलं कारण खरं, ते सहा वर्षं झाली, मी अजून ठरवतेच आहे.

तांबोळीभाईंना त्या आठवड्यात निलंबनाचं पत्र मिळालं.

रविवारी मी मिरजेला गेले. ह्यांची कारखान्यात पाळी होती, जुईला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तिला बरोबर घेतलं. वॉर्डच्या दारात तांबोळीभाई भेटले. हातात रिकामा डबा होता.

"रोज येता, भाई?"

"आता काय काम हाय दुसरं?" ते म्हणाले. जुईच्या गालाला बोट लावलं. "उतरला ताप?" आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेले.

मामा खिडकीजवळच्या कॉटवर उशीला टेकून बसले होते. उजव्या बाजूला पांढऱ्या पट्ट्या आणि पट्ट्यांच्या पुढं काहीच नाही. मला बघून डाव्या हातानं चादर वर ओढायला लागले.

"ये वृषालीताई. बस. त्या ष्टुलावर बस." मग हसून म्हणाले, "तांबोळ्यानं पायाचा रस्सा आणला होता. आता रोज तोच सांगतो मला, कालवण काय हाय ते."

मला हसू आलं नाही. मी मोसंबी पिशवीतून काढून स्टुलाखाली ठेवत राहिले.

"त्याला सस्पेन केलं म्हणं," मामा म्हणाले.

"हो."

"त्यानं असं केलं नसंल, ताई. पंधरा वर्षं माझा आवाज ऐकल्याबिगर त्यानं हँडल फिरवलं नाय. मी त्या चौकशीवाल्याला बी सांगितलं. तो म्हणला, मशीन तपासली, मशीन बरोबर हाय." त्यांनी डाव्या हातानं चादर सारखी केली. "मशीन बरोबर हाय, तांबोळ्या बरोबर हाय, साहेब बरोबर हाय. मग माझंच चुकलं म्हणायचं."

"नाही मामा. तुमचं काही चुकलं नाही."

"मग कुणाचं?"

हे त्यांनी सहज विचारलं. उत्तराची वाटही बघितली नाही, खिडकीबाहेर बघायला लागले. मी ओठ उघडले होते. खोटं नाही सांगत, उघडले होते.

तेवढ्यात जुई कॉटच्या दांडीला धरून पुढं सरकली. इतका वेळ ती त्या चादरीखालच्या सपाट जागेकडे टक लावून बघत होती.

"आजोबा, तुमचा हात कुठंय?"

"जुई!" मी म्हटलं.

"विचारू दे गं. लेकरू हाय." मामा तिच्याकडे वाकले. "लाइटीनं नेला."

"का नेला?"

"लाइटीला कळत नाय बाळा. तिला कुणी चालू केली की ती येती. मधी कोण हाय, ते बघत नाय."

जुईनं त्यावर विचार केला. कपाळाला आठी घालून, मोठ्या माणसासारखा.

"कुणी चालू केली?"

"त्येच तर कुणी सांगंना," मामा म्हणाले.

मग जुई माझ्याकडे वळली. पाऊस कुठनं येतो, मुंगी रात्री कुठं जाते, जे काही दुसऱ्या कुणाला येत नसे ते ती शेवटी मला विचारायची, आणि आईला ते येणारच याची तिला खात्री असायची. मामांनीही मान वळवली होती. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तूच सांग ना. कुणी चालू केली?"